सव्वासात बोटं उंचीचा डोंगर

पहिला रविवार

पाच किलो मक्याचं पीठ, जाडं, पोलेन्तासाठी, म्हणजे मक्याच्या घट्ट लापशीसाठी, दळलेलं. दोन पेले पाणी. मूठभर खडेमीठ. आईची लाकडी फळी. सुतळीचा गुंडा. वाटीभर चणे, वाटीभर कॉफीच्या बिया. ग्रान लोझाचा नकाशा.

एवढं टेबलावर मांडलं की आमच्या घरी पांढऱ्या आठवड्याची तयारी सुरू झाली. जानेवारीत सण उरकले, वरची हॉटेलं रिकामी झाली की सात दिवस बर्फात स्की करायला जायचं. तोरीनोतलं अर्धं शहर जातं. बाकीचे लोक हॉटेल ठरवतात, बस ठरवतात. आम्ही उतार ठरवतो. नोव्हेंबरातल्या तीन रविवारी मी पिठाचा डोंगर करते आणि माझा भाऊ ईव्हो तो हातांनी पाठ करतो.

ईव्हो एकोणिसाव्या वर्षी आंधळा झाला. आता सत्तावन्नचा आहे. हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डवर बसतो, सगळे वॉर्ड आणि अर्ध्या डॉक्टरांच्या सासुरवाड्या त्याला आवाजावरून ओळखू येतात. मी देल्फिना, त्याच्याहून चार वर्षांनी मोठी. गेली बावीस वर्षं बर्फावर मी त्याच्या पुढे असते. माझ्या पाठीवर नारिंगी जाकीट, त्यावर मोठ्या अक्षरांत 'वाटाड्या'. त्याच्या जाकिटावर 'अंध'. दोघांच्या कानात यंत्रं. मी बोलते, तो वळतो.

"डावी… डावी… हॉप. सरळ. उजवी… हॉप."

हॉप म्हणजे आत्ता. हॉप अर्धा सेकंद उशिरा म्हटलं तर तो अर्धा सेकंद उशिरा वळतो, आणि ताशी चाळीस किलोमीटरला अर्ध्या सेकंदात साडेपाच मीटर जातात. हे गणित मी कधी विसरत नाही.

आता जे सांगायचं ते इथेच सांगते. जूनमध्ये बाथरूमच्या फरश्यांच्या रेषा वाकड्या झाल्या. मी गवंड्याला बोलावलं. त्याने फूटपट्टी लावून दाखवली आणि म्हणाला, "बाई, फरश्या सरळ आहेत." मग मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. तिथे कळलं की दोन्ही डोळ्यांतला मधला भाग झिजत चाललाय. कडेचं राहील. मधलं, म्हणजे अक्षरं, चेहरे, सुईतला दोरा, ते जाईल. इंजेक्शनं देऊन थोपवता येईल तेवढं थोपवू.

मी कोणाला सांगितलं नाही. ईव्होला तर नाहीच. कारण ईव्होने या वर्षी ग्रान लोझा मागितला होता. बावीस वर्षं मी त्याला त्या डोंगरापासून लांब ठेवलं. फार उंच, फार लांब, एका जागी फार अरुंद. या वर्षी तो म्हणाला, "गुडघे अजून माझे आहेत, देल्फी. पुढच्या वर्षीचं कोणी सांगावं?" आणि मी हो म्हणाले. ज्या वर्षी नाही म्हणायला हवं होतं त्याच वर्षी.

"केवढा केलास?" त्याने बाह्या वर करत विचारलं.

"सव्वासात बोटं."

एक बोट म्हणजे दोनशे मीटर, हे आमचं माप. फळीच्या कडेला प्रा-मोरेल गाव, दोन हजार तीसवर. टोकाला केबल कारचं शेवटचं ठाणं, तीन हजार चारशे ऐंशी. केबल कारचे खांब म्हणजे चणे, खडक म्हणजे कॉफीच्या बिया, आमची वाट म्हणजे सुतळी. नऊ किलोमीटरला नव्वद सेंटिमीटर.

ईव्होने आधी हात लावला नाही. शेगडीवर धरतात तसे दोन्ही तळवे डोंगराच्या वर धरून थांबला. मग एक बोट गावात ठेवलं आणि वर निघाला. पहिलं बोट, दुसरं, तिसरं. गेल्या वर्षीचा आमचा डोंगर चार बोटांवर संपला होता. चारच्या पुढे गेल्यावर त्याचा चेहरा बदलला. पाचवर त्याने तोंड उघडं टाकलं. सहाव्या बोटाशी पीठ जरा सपाट होतं, ती हिमनदी. तिथे तो थांबला.

"देल्फी, हा संपतच नाही."

"सव्वा बोट राहिलंय."

तो टोकाला पोचला आणि बोट तिथेच ठेवून बसला. बाहेर ट्राम गेली, वरच्या मजल्यावरच्या बाईने खुर्ची सरकवली.

"इथे हवा किती?"

"आपल्याकडे आहे त्याच्या दोन तृतीयांश."

"आणि वर काय?"

"वर काही नाही. टोक आहे ते."

"तेच विचारतोय," तो म्हणाला. "वर काहीच नाही, असं कुठे उभं राहिलोय आपण आजवर?"

तासाभरात त्याने सगळा डोंगर मला म्हणून दाखवला, वळणं, खडक, चढउतारांसकट. हे मी साठ वेळा तरी पाहिलं असेल, पण मला त्याची सवय होत नाही. माणसाचा हात पिठावरून फिरतो आणि त्याच्या डोक्यात दगड, बर्फ, दऱ्या आपापल्या जागी उभ्या राहतात, आणि दोन महिन्यांनी त्या तिथेच असतात.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे सुतळी काढली, चणे आणि बिया वेचल्या आणि डोंगर पातेल्यात घातला. वरून तोमा चीज. ईव्होने दोनदा वाढून घेतला. प्रत्येक रविवारी डोंगर नवा करायचा, रात्री शिजवून खायचा आणि उरलेला शेजाऱ्यांना वाटायचा, ही आमची रीत. पीठ आठवडाभर ओलं राहत नाही आणि आईने अन्न टाकायला शिकवलं नाही.

नकाशाच्या पाठीवर, माझ्या अक्षरात

हॉटेल: प्रा-मोरेलमध्येच. खोल्या दोन, ईव्हो घोरतो.
पहिला दिवस: काही नाही. श्वास जुळवायचा.
दुसरा, तिसरा: खालचे उतार.
चौथा: हवा चांगली असेल तर ग्रान लोझा.
कानातल्या यंत्रांच्या बॅटऱ्या, थंडीत अर्ध्या होतात म्हणून दुप्पट.
ईव्होचे नवे हातमोजे.
~~माझा नवा चष्मा~~

(शेवटची ओळ मीच खोडली. ज्या त्रासावर चष्मा चालत नाही त्यासाठी चष्मा कशाला लिहायचा.)

दुसरा रविवार

"दात हलले," ईव्हो म्हणाला.

"कोणाचे?"

"डोंगराचे."

हिमनदी संपते तिथे वाट अरुंद होते आणि एका बाजूला खडकांची रांग येते. नकाशात तिचं नावच 'दात' आहे. मी तिथे तीन बिया खोचल्या होत्या.

"गेल्या रविवारी चौथ्या चण्यानंतर डाव्या हाताला होते. आज उजव्या हाताला आहेत."

"नाही रे."

"बघ की. तुला डोळे आहेत."

"नकाशा नवा आणलाय मी."

"डोंगरही नवा आणलास का?"

मी हसले. तोही हसला, पण बोट तिथून काढलं नाही.

मी नकाशा खिडकीशी नेला, नाकाला लावला, मान तिरकी केली. कोंबडी दाण्याकडे एका डोळ्याने बघते तशी. कडेच्या रेषा दिसत होत्या. ज्या जागी दात होते तिथे करडा डाग होता. मी नकाशा हलवला, डाग माझ्याबरोबर हलला.

"डावीकडे," मी म्हणाले.

"नक्की?"

"नक्की."

अंदाजाने म्हणाले. पिठात बिया या बाजूच्या त्या बाजूला केल्या, हात पुसले आणि चीज किसायला घेतलं. त्या रात्री मी स्वतःला समजावत होते की बर्फ म्हणजे काही पुस्तक नव्हे, पांढरंशुभ्र मोठंच्या मोठं असतं, कडेच्या नजरेनेही दिसतं. बावीस वर्षं त्याच बर्फावर पुढे राहिलेली मी हे म्हणत होते. जिथे निळसर चकाकी म्हणजे कडक बर्फ, जिथे केसाएवढी सावली म्हणजे खड्डा, जिथे सगळं मधल्या नजरेने वाचावं लागतं आणि तेही तीस मीटर आधी.

सांगून टाकायचं होतं. सांगितलं की ईव्होच्या पुढची जागा जाणार होती. त्या जागेवर मी सोडून आजवर कोणी उभं राहिलेलं नाही. नवरा आला आणि गेला, नोकरी आली आणि संपली, पण जानेवारीत मी 'वाटाड्या' होते. तेवढ्यासाठी मी माझ्या भावाला अंदाजाने खडकातून न्यायला निघाले होते, हे मला त्या रात्री ठाऊक नव्हतं असं म्हणणार नाही.

तिसरा रविवार

मी कॉफी घेऊन आले तेव्हा ईव्हो हात मांडीवर ठेवून बसला होता.

"दातांच्या खालच्या उतारावर किती चणे आहेत?"

"पाच."

"मोज."

"अरे, मीच लावलेत."

"मोज, देल्फी."

मी वाकले. पिवळ्या पिठावर पिवळट चणे. एकाकडे बघितलं की तो नाहीसा व्हायचा आणि शेजारचे दोन उगवायचे.

"पाच."

त्याने उजवी मूठ उघडली. तळहातावर चणा होता. डावी उघडली. तिथेही एक.

कॉफीचे पेले मी खाली ठेवले. टेबल होतं तिथेच ठेवले, याचं मला तेव्हा कौतुक वाटलं.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"जून."

"जून! आणि आता नोव्हेंबर. पाच महिने! आंधळेपणाबद्दल विचारायला तुला घरात दुसरा कोणी मिळणार होता का गं?"

"मी आंधळी नाही. कडेचं दिसतं."

"कडेचं दिसतं! मग तू मला कडेकडेने नेणार होतीस?"

"हळू नेणार होते."

"हळू आपटणार होतीस!"

तो उठला, खिडकीपर्यंत गेला, तिथे कुंडी आहे हे त्याला माहीत असूनही पाय लागला. इतका चिडलेला मी त्याला बघितला नव्हता. शिव्या घातल्या, मला, डोळ्यांना, ज्याने सांगितलं नाही त्या डॉक्टरला, जणू डॉक्टरने त्याला फोन करायला हवा होता. मग परत येऊन बसला आणि माझी कॉफी प्यायला.

"साखर नाही यात."

"ती माझी आहे."

"सांगायला काय झालं होतं?"

"तू ग्रान लोझा मागितलास."

"तू नाही म्हटलं असतंस तर ऐकलं असतं ना. बावीस वर्षं ऐकतोय."

"नाही म्हटलं असतं तर परत कधी पुढे उभी राहिले नसते. हे शेवटचं होतं, ईव्हो."

तो डोंगराच्या पायथ्याशी बोट घोळवत राहिला, गावातली घरं थोडी सपाट झाली.

"तू जा," मी म्हणाले. "प्रा-मोरेलच्या सेवेरिनाला सांगू, ती नेईल तुला. मी हॉटेलात बसते."

"हॉटेलात बसून काय करशील? खिडकीतून सुटीवर आलेले पाद्री मोजशील?"

"मला कोणाच्या मागून जायची सवय नाही."

"मला आहे," तो म्हणाला. "अडतीस वर्षांची. अवघड काही नाही त्यात. पहिली पाच मिनिटं मेल्याहून मेल्यासारखं होतं. सहाव्या मिनिटाला वारा लागतो तोंडाला."

"आणि जाकिटावर ते लिहिलेलं?"

"ते पाठीवर असतं. मला कधी दिसलं नाही बुवा."

मला हसू आलं आणि त्याबरोबर रडू आलं. त्याने ते ऐकलं, पण ऐकल्याचं दाखवलं नाही. चणे परत पिठात खोचायला लागला, आणि दोन्ही बरोबर जागी खोचले.

फोन

"सेवेरिना, ईव्हो बोलतोय, तोरीनोहून."

"अरे वा! मेला नाहीस अजून?"

"तुला फोन केल्याशिवाय कसा मरेन? जानेवारीत येतोय. ग्रान लोझा, वरपासून खालपर्यंत."

"देल्फिना तयार झाली? तिच्या डोक्यावर वीट पडली का?"

"तिचे डोळे गेलेत."

"ईव्हो! अर्धे!" मी मागून ओरडले.

"अर्धे गेलेत, म्हणतेय."

(थोडा वेळ फोनवर फक्त कुत्रा भुंकत होता. सेवेरिना प्रा-मोरेलमध्ये टपाल वाटते आणि हिवाळ्यात आंधळ्यांना स्कीवर नेते. ती गप्प बसलेली त्या गावातही कोणाला आठवत नसेल.)

"म्हणजे दीड आंधळे," ती म्हणाली. "चालेल. गेल्या फेब्रुवारीत चार पाद्री नेले होते, डोळे चांगले होते आणि एकालाही काही दिसत नव्हतं. देल्फिना आहे का तिथे?"

"आहे."

"तिला सांग, मी पुढे असताना मागून सूचना चालणार नाहीत."

"ऐकलं तिने. तोंड वाकडं केलंय."

"तुला कसं कळलं?"

"कायम वाकडंच असतं."

"आणखी काय?"

"दात. हिमनदीनंतरचे. कुठल्या बाजूला आहेत?"

"डावीकडे."

"आणि उजवीकडे?"

"उजवीकडे काही नाही."

"म्हणजे मोकळं?"

"नाही रे बाबा. काही नाही म्हणजे काहीच नाही. दोनशे मीटर खालपर्यंत काही नाही."

 ईव्होचं बोट पिठावर त्या जागी गेलं आणि सुतळीच्या उजवीकडे, एक बोट खोल, खाली गेलं. मी ती दरी केलीच नव्हती. त्याने बोटानेच केली.

उतार, जसा ठरला तसा (ईव्होने सांगितला, मी मोठ्या अक्षरांत लिहिला)

३,४८०. पुढे सेवेरिना. मग ईव्हो. मग देल्फिना. तिघांच्या कानात एकच आवाज. देल्फिना बोलणार नाही.

३,४८० ते ३,२५०. रुंद. सोळा वळणं. बर्फ कोरडा असेल, स्कीखाली चरचरेल. चरचर थांबली तर कडक बर्फ, गुडघे मऊ.

३,२५० ते ३,०००. हिमनदी. सपाटच्या जवळ. इथे काही ऐकू येत नाही. खांब नाहीत, झाडं नाहीत, कशावरूनच आवाज परत येत नाही. ईव्होला इथे थांबायचं आहे. का, ते विचारू नये.

३,०००. दात. सेवेरिना म्हणेल "ओळीत", आणि आम्ही ओळीत जाऊ. डावा खांदा खडकाकडे. खडक जवळ आला की वारा एका गालावर थांबतो. देल्फिनाने हेही लक्षात ठेवावं, तिला पुढे लागेल.

२,९०० ते २,४००. लांब उतार. पाय दुखतील. गाऊ नये, ईव्हो गातो.

२,४००. पहिली झाडं. वास येईल.

२,०३०. गाव. सूप.

लिहून झाल्यावर मी कागद त्याला वाचून दाखवला. माझंच अक्षर, बोटभर उंच, तरी दोनदा अडखळले. दोन्ही वेळा त्याने पुढचा शब्द सांगितला.

३,४८० मीटर

केबल कारचं दार उघडलं आणि थंडीने दात शिवशिवले. हवा चांगली होती. सेवेरिनाने आम्हाला लोखंडी जाळीवरून बर्फावर आणलं, स्की अडकवल्या, यंत्रं तपासली. 'अंध' लिहिलेलं नारिंगी जाकीट तिने मला पुढून घातलं आणि पाठीवर बांधलं. मी मान खाली घालून उभी राहिले. आजूबाजूचे लोक बघत असतील. ती पाच मिनिटं कशी जातात ते ईव्होने सांगितलंच होतं.

मग मी मान वर केली.

बावीस वर्षं मी डोंगरांवर जातेय. विचारलं असतं तर म्हणाले असते, सगळे पाहिलेत. पण मी बर्फ पाहिला होता, पुढचा तीस मीटर. वर पोचले की पहिला उतार बघायचा, मग मागे वळून त्याचे पाय, मग परत उतार. इथे मला काही बघायचं नव्हतं. बघायचं काम सेवेरिनाकडे होतं. तेवढ्या मोकळ्या झालेल्या जागेत ते सगळं आलं.

मी एका शिखराकडे बघायला गेले तर ते विरघळलं. नजर आभाळात सोडून दिली, कशावरच ठेवली नाही, तेव्हा खालून, दोन्ही बाजूंनी डोंगर वर आले. एक नाही, दहा नाही. ओळीमागे ओळ, त्यामागे आणखी फिकट ओळ, स्वित्झर्लंडपर्यंत आणि त्याच्याही पलीकडे, मधल्या करड्या डागाभोवती उभे. डागाने फक्त स्वतःपुरती जागा घेतली होती. बाकीचं सगळं त्यांचं होतं. सूर्य त्यांच्या एकाच बाजूला पडला होता आणि दुसऱ्या बाजूची निळी सावली इतकी मोठी होती की तीत तोरीनो शहर चर्च, ट्राम आणि आमच्या स्वयंपाकघरासकट ठेवलं असतं तर सापडलं नसतं. आवाज नव्हता. इतकी मोठी गोष्ट समोर आहे आणि ती काहीही करत नाही, फक्त आहे.

 

"काय आहे?" ईव्होने विचारलं. तो दर वेळी विचारतो. मी दर वेळी सांगत आले: स्वच्छ आहे, उतार पंचवीस अंश, बर्फ कोरडा.

या वेळी  मी त्याचा हात धरून वर केला, समोर आडवा फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, खांदा वळेल तेवढा, आणि मग मीही त्याच्याबरोबर वळले, कारण ते मागेही होतं. पूर्ण गोल फिरून आलो तरी हात कुठे खाली आणावा लागला नाही.

त्याने हात सोडवून घेतला नाही. त्याच्या हातमोज्याच्या आत बोटं हलत होती, मोजत असल्यासारखी. मग हलायची थांबली.

"काय चाललंय तुमचं?" सेवेरिना कानात म्हणाली. "निघायचं का? गोठाल दोघं. पहिली डावी आहे, मी म्हटलं की…"

"थांब जरा," ईव्हो म्हणाला. "तिचं बघून झालेलं नाही अजून."